निघणाऱ्याची करंजी

माणसं रागाच्या भरात घर सोडतात, नोकरी सोडतात. मी रागाच्या भरात चिनी शिकायला घेतलं.

त्याचं असं झालं. ब्रिटनमध्ये कार्डिफला युनिव्हर्सिटीत आले त्या पहिल्याच आठवड्यात बिझनेसच्या डिग्रीला जोडून एक भाषा निवडायची होती. मी दादाला फोन केला. दादा लंडनजवळ ब्रॅकनेलला एका आयटी कंपनीत आहे, आणि माझ्या आयुष्याचा प्रोजेक्ट मॅनेजरही आपणच आहोत अशी त्याची प्रामाणिक समजूत आहे. चायनीज घेऊ का, असं मी नुसतं विचारलं. तो हसला. एवढ्यावर थांबला असता तरी मी सोडून दिलं असतं. पण तो म्हणाला, ते तुला झेपायचं नाही, फ्रेंच घे, सगळे तेच घेतात. झालं! फोन ठेवला आणि चायनीजच्या चौकटीत टिक करून मोकळी झाले. माझ्या नाकावर राग असतो असं आई म्हणते. त्या दिवशी तो बोटांत उतरला होता.

पुढचे तीन महिने मी त्या बोटांना शिव्या घातल्या. चिनी अक्षरं चौकटींच्या वहीत गिरवायची असतात. एका घरात एक अक्षर, आणि कुठली रेघ आधी, कुठली नंतर, तेही ठरलेलं. दुसरीत असताना माझं अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला होते, म्हणून आईने मला नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरसमोर बसवून पानंच्या पानं गिरवायला लावली होती. आता विशीला टेकल्यावर पुन्हा तेच नशिबी आलं. फरक एवढाच, की इथे कूलरऐवजी हीटर होता.

पण मग एक दिवस मी चायनीज ग्रोसरीत उभी होते आणि समोरच्या पोत्यावरची दोन अक्षरं मला वाचता आली. 'तांदूळ' असं लिहिलं होतं. आत काय आहे ते पोतं बघूनच कळत होतं म्हणा, शिवाय बाजूला इंग्रजीतही लिहिलं होतं. तरी ते मी वाचलं होतं. मला इतका आनंद झाला की गरज नसताना मी ते दहा किलोचं पोतं विकत घेतलं आणि बसने घरी आणताना खांदा मोडून घेतला. त्या दिवसापासून मी चिनीच्या प्रेमात पडले. राग कुठे गेला कोण जाणे.

वाचायला जमलं, लिहायला जमलं. बोलायचं म्हटलं की मात्र ततपप. तिथेच घोडं पेंड खात होतं. वर्गात प्रश्न आला की उत्तर डोक्यात लख्ख दिसायचं आणि तोंडापर्यंत येता येता विरघळून जायचं. आमच्या टीचर फार सौम्य बाई, त्या वाट बघायच्या, आणि त्या वाट बघतायत या विचाराने माझी उरलीसुरली अक्षरंही पळून जायची.

मग दुसऱ्या वर्षी मला मावशी मिळाल्या. त्याच ग्रोसरीच्या बोर्डवर हाताने लिहिलेलं कार्ड होतं, वरची खोली भाड्याने देणे आहे. घरमालकीण साठी उलटलेल्या, मूळच्या उत्तर चीनमधल्या, तीस वर्षं कार्डिफमध्ये. सगळी नोकरी इथल्या सरकारी हॉस्पिटलच्या किचनमध्ये झालेली. इंग्रजी बस आणि डॉक्टर यांच्यापुरतं, पण बसमधून उतरताना ड्रायव्हरचे आभार मानायचं 'चीअर्स, ड्राइव्ह' मात्र अस्सल कार्डिफवाल्यांसारखं. चिनीत अशा बाईंना जे म्हणायचं त्याचा अर्थ मावशीच होतो, म्हणून त्या माझ्या मावशी.

मावशींचा एकच नियम होता. किचनमध्ये इंग्रजी चालणार नाही. मला वाटलं, बोलण्यापुरतं असेल. पहिल्याच संध्याकाळी मी वरणाला मीठ मागितलं, अर्थात इंग्रजीत, कारण चिनीत शब्द येत असूनही तोंडातून निघेना. मावशींनी मिठाची बरणी उचलली, वरच्या फळीवर ठेवली आणि शांतपणे भांडी घासत राहिल्या. माझंही डोकं तापलं. नको तर नको म्हणाले. तीन दिवस मी अळणी वरण-भात खाल्ला. चौथ्या दिवशी ओट्यापाशी उभी राहून, डोळे मिटून, चिनीत म्हटलं, मावशी, मला मीठ द्या. त्यांनी बरणी खाली काढली, वर माझ्या ताटात लोणच्याची फोड वाढली आणि म्हणाल्या की आता उद्या साखर मागायला शिक. असं करत करत सहा-सात महिन्यांत मी त्या किचनमधलं सगळं मागायला शिकले. भांडायलासुद्धा शिकले. आणि परक्या भाषेत भांडता आलं की समजावं, भाषा आली.

आता मुख्य गोष्ट. आमच्या डिग्रीचं तिसरं वर्ष चीनमध्ये करता येत होतं. सक्ती नव्हती. हवं त्याने एप्रिलमधल्या ठरलेल्या सोमवारी दुपारपर्यंत फॉर्म द्यायचा. मला जायचं होतं. किती, ते कसं सांगू? रात्री डोळे मिटले की मला रस्त्यावरच्या पाट्या दिसायच्या, आणि त्या सगळ्या वाचता यायच्या. शहरही असं, की मावशींच्या गावाहून ट्रेनने दोन तास.

मी नागपूरला फोन लावला. बाबांनी 'तुझी आई म्हणेल ते' या एका वाक्यावर तीस वर्षं संसार केलाय, तेव्हा त्यांचं ठरलेलं होतं. आईने सगळं ऐकून घेतलं आणि नाही म्हणाली. मी कारण विचारलं तर म्हणाली, दादाही दोनच वर्षांसाठी गेला होता नं.

इथे आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. कोणी लांब निघालं की आई मुरडीची करंजी करते. कड कातण्याने कापायची नाही. दोन बोटांच्या चिमटीत धरून, दुमडत दुमडत, दोरीला पीळ घालावा तशी शेवटपर्यंत न्यायची, ती मुरड. निघणाऱ्याने दाराबाहेर पाऊल टाकायच्या आधी ती खायची. खाल्ली की माणूस परत येतो. यावर आईची श्रद्धा आहे, आणि तिच्याकडे पुरावाही आहे. दादा दोन वर्षांसाठी ब्रॅकनेलला निघाला तेव्हा टॅक्सी लवकर आली आणि घाईत करंजीचा डबा जेवणाच्या टेबलावर राहिला. त्याला आता नऊ वर्षं झाली. म्हणून मी निघाले तेव्हा आईने कसलीही जोखीम घेतली नाही. एक करंजी घरी खाऊ घातली आणि दुसरी नागपूरच्या विमानतळावर, गार्डच्या देखत, माझ्या तोंडात कोंबली. पण ती करंजी कार्डिफसाठी होती. कार्डिफहून पुढे आणखी कुठे निघायचं आमचं ठरलंच नव्हतं. दुधाने तोंड भाजलेली ती, ताक फुंकणारच.

मला हे सगळं कळत होतं, आणि तरी मी भांडले. फोन आपटला. फॉर्मवर आईची सही लागत नव्हती, मी वीस वर्षांची होते, आणि रागाच्या भरात टिक करायची मला सवयही होती. पण लॅपटॉप उघडून बसले तर बोट पुढे जाईना. या वेळी मला रागाने जायचं नव्हतं. आईने हो म्हटल्यावर जायचं होतं. तिच्या 'नाही'वर पाय देऊन गेले असते तर चीनमध्ये एकही पाटी सुखाने वाचता आली नसती.

नेमकी आई त्याच एप्रिलमध्ये दादाकडे आली. दादाने मध्यस्थी केली. गुरुवारी तो आईला ट्रेनने कार्डिफला सोडेल, रविवारी दुपारी घेऊन जाईल, मधले दिवस तू आणि आई. तुम्ही दोघी एकमेकींचं डोकं खा, मला मोकळं करा, असं त्याचं म्हणणं. रविवारनंतर सोमवार, आणि सोमवारी फॉर्म. माझ्या हातात चार दिवस होते.

मी जोरदार प्लॅन केला. मावशी एक पदार्थ अप्रतिम करतात, ज्याओझ. पिठाची छोटी पारी, आत सारण, मिटून उकळत्या पाण्यात सोडायची. दिसायला थेट करंजी. म्हटलं, आई दारातून आत आली की समोर गरम चिनी करंज्या. ती बघेल, विरघळेल, म्हणेल, हे लोक तर आपल्यासारखेच. मावशींना सांगितलं, गुरुवारी माझ्या आईसाठी भाज्यांचे ज्याओझ करा. मावशी एकदम म्हणाल्या, छे, गुरुवारी मुळीच नाही. हातानेही नाही अशी खूण केली. पुढे काहीतरी सांगू लागल्या, पण पुढचं वाक्य ऐकायला मी थांबलेच नाही. इतके महिने लसूण सोलून दिला यांना, आणि आईसाठी एवढं होईना? पाय आपटत वर गेले आणि गुरुवारपर्यंत मिठाखेरीज काही मागितलं नाही.

गुरुवारी आई आली. दादा चहा पिऊन संध्याकाळच्या ट्रेनने परत गेला. मावशींनी टेबल मांडलं होतं. मोठ्या वाडग्यांत लांबच लांब नूडल्स, वर हिरवी पालेभाजी आणि तीळ. ज्याओझ नाहीतच. माझं तोंड एवढंसं झालं. पण आई ओट्याकडे बघत होती. तिथे एक कोरं पातेलं होतं, त्याच्यावरचं स्टिकर अजून तसंच होतं. मावशी मला म्हणाल्या, तुझी आई मटण-मासे खात नाही, अंडंही नाही, म्हणून तिचं सगळं या नव्या पातेल्यात, आणि ते मी आईला सांगितलं. आईने ते ऐकलं आणि मान हलवली. मग ती चमच्याच्या कडेने नूडल्स तोडायला लागली, शेवयांच्या तोडतो तशा. मावशींनी हलकेच तिचं मनगट धरलं. मी भाषांतर केलं, तोडायच्या नाहीत म्हणतात. आईने विचारलं, का? मला माहीत नव्हतं आणि रागामुळे मी मावशींना विचारलंही नाही. असंच, म्हणाले. आईने पदर सावरून ती लांबच लांब नूडल ओढून ओढून संपवली, आणि शेवटी स्वतःलाच हसू आलं तिला.

पुढचे दोन दिवस मी दुभाषी. दोघी सकाळपासून किचनमध्ये, आणि मी मधे टेनिसच्या चेंडूसारखी. मावशी म्हणाल्या, मुलगी हुशार आहे पण फार तापट. मी आईला सांगितलं, हुशार आहे म्हणतात. त्यावर मावशींनी दोन्ही हात डोक्याशी नेऊन वाफ निघाल्याची खूण केली. आई इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि म्हणाली, पुढचंही नीट सांगत जा. एकदा आई आणि मी खाडीकाठी फिरायला गेलो. वाऱ्याने छत्री उलटी झाली, मफलर उडाला, पण आई खूश होती. तिथे बाकावर बसून मी विषय काढला. आईने समुद्राकडे बघत सांगितलं की इथे आहेस तर दादाच्या गाडीने दोन तासांवर आहेस, चीनला मी कुणाच्या भरवशावर पाठवू? आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला भांडता आलं असतं. मी उलटी झालेली छत्री सरळ करत बसले.

रविवारी सकाळी खाली आले तर मावशी कणीक मळत होत्या. टेबलावर कोबी, गाजर, मश्रूम, टोफू बारीक चिरून ठेवलेलं. आई समोर खुर्चीत बसून बघत होती, बॅग दाराशी. मावशींनी सारणात मीठ घातलं, कालवलं, वाडगं नाकाशी नेलं, वास घेतला आणि आणखी चिमूटभर घातलं. आईच्या भुवया वर गेल्या. नैवेद्याच्या स्वयंपाकाला आईही असंच करते, चव न घेता, वासावर.

मला मात्र राग आला. गुरुवारी नाही म्हणून आता निघायच्या दिवशी ज्याओझ? मी तसं विचारलंच. मावशींनी लाटणं खाली ठेवलं आणि या वेळी मला बाहेर जाऊ न देता वाक्य पूर्ण केलं. त्यांच्याकडची रीतच तशी होती. आलेल्याला नूडल्स द्यायच्या, लांब, न तोडता, म्हणजे नातं लांब राहतं. आणि निघणाऱ्याला ज्याओझ, म्हणजे वाट सुखाची होते. आल्या आल्या पाहुण्यापुढे ज्याओझ ठेवले तर त्याचा अर्थ, आता निघा. त्या दिवशी तू मला तुझ्या आईला दारातच निघा म्हणायला सांगत होतीस, असं म्हणून त्या पोट धरून हसल्या.

मला हसावं की रडावं कळेना. मी आईला सगळं सांगितलं, माझ्या मूर्खपणासकट. आई हसली नाही. तिने खुर्ची पोळपाटाजवळ ओढली. मग म्हणाली, "विचार त्यांना. परत यावं म्हणून देतात का?"

मी विचारलं. मावशींनी सांगितलं की दोन्ही पदार्थ एकाच घरचे असतात. ज्याओझ खाऊन जो गेला, त्याच्या नूडल्स त्या घरात व्हायच्या असतातच.

आईने आणखी विचारलं, यांना यांच्या आईने दिले होते का? दिले होते, मावशी म्हणाल्या, तीस वर्षांपूर्वी, थंडीच्या दिवसांत, आणि त्यांनी रडत रडत चौदा खाल्ले. मग परत गेल्या का? दर दोन वर्षांनी. आई होती तोवर दारात पोचेपर्यंत नूडल्स उकळायला लागलेल्या असायच्या. हे मी आईला मराठीत सांगितलं.

आई उठली. सिंकपाशी जाऊन हात धुतले, बांगड्या वर सारल्या, मावशींच्या शेजारी उभी राहिली आणि एक पारी तळहातावर घेतली. सारण भरलं, मिटली, आणि कडेला चिमटीत धरून मुरड घालायला लागली. पीळ, पीळ, पीळ. मावशींचं लाटणं थांबलं. एवढीशी पारी आणि तिच्यावर ती नाजूक दोरी. पहिली झाली ती आईने वेगळ्या बशीत ठेवली. ही त्याची, म्हणाली. त्याची म्हणजे दादाची, तो अडीचला यायचा होता. नऊ वर्षं उशिरा का होईना.

मग मावशींनी करून बघितलं. तिसऱ्याच दुमडीला सारण बाहेर आलं. आईने त्यांची बोटं आपल्या बोटांत धरली आणि दाखवलं. पुन्हा चुकलं, पुन्हा दाखवलं. आई मराठीत सांगत होती, मावशी चिनीत हो हो करत होत्या, आणि दहा-पंधरा मिनिटं दुभाष्याला काही कामच नव्हतं. चौथी जराशी वाकडी झाली, पण मुरड टिकली. आईने ती उचलून उजेडात धरली, सगळ्या बाजूंनी तपासली आणि खाली ठेवली.

"आता सांग त्यांना," आई म्हणाली. माझ्याकडे न बघता, हातावरचं पीठ झाडत. "सप्टेंबरात ही निघेल त्या दिवशी अशीच मुरड घालून एक हिला द्यायची. दाराबाहेर पाऊल टाकायच्या आधी. मी नागपुरात असेन, माझ्याच्यानं होणार नाही. तुम्ही विसरायचं नाही."

 काय म्हणालीस, असं मी विचारलं.

"ऐकलंस नं. चिनी येतं नं तुला? मग सांग."

दोन वर्षांत मी कितीतरी वाक्यं पाठ केली होती, पण एवढं अवघड एकही नव्हतं. मुरडीला शब्द नव्हता, मी बोटानेच दाखवलं. मी जाणार आहे, असं म्हणताना अडखळले आणि वाक्य पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मावशींनी घाई केली नाही. पूर्ण ऐकलं, आईकडे वळल्या आणि पिठाचा हात छातीवर ठेवून मान खाली केली. निळ्या स्वेटरवर पांढरा पंजा उमटला. मग त्यांनी मला एक प्रश्न विचारला.

"काय म्हणतात?" आईने विचारलं.

"परत आले की नूडल्स कोण करणार, असं विचारतायत."

आई त्यावर इतक्या पटकन बोलली, जणू तिने ते आधीच ठरवून ठेवलं होतं. "शेवया. नागपूरला. मी करीन म्हणावं."

शेवयांना चिनीत काय म्हणतात ते मला आजही माहीत नाही. मी डोळे पुसत नूडल्सच म्हटलं. पण त्या आई करणार आहे, हे मात्र एकदाही न अडखळता सांगितलं.